नवारीचा साज

पूजेचं ताट घेऊन मी उंबऱ्याबाहेर पाय टाकणार, तेवढ्यात आदगोंडा दारात उभा.

"वैनी, निघाला व्हय बस्तीला? मौन असंल तुमचं. बरंच हाय. मी बोलतो, तुम्ही ऐका."

आमच्याकडं जैन मंदिराला बस्ती म्हणतात. सकाळी बस्तीत दर्शन घेऊन सामायिकाला, म्हणजे ठरल्या वेळेच्या जपध्यानाला बसायचं, ते पुरं होईपर्यंत तोंडात पाणी घ्यायचं नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम. आदगोंडा माझा चुलतदीर. त्याला हे ठाऊक होतं. म्हणूनच त्यानं ही वेळ साधली असावी.

त्याच्या हातात दोरी होती आणि दोरीच्या टोकाला कुत्रा. जवान कारवानी, शिकारी जातीचा, गव्हाळ रंगाचा, पोट पाठीला लागलेलं, पाय जमिनीवर ठरत नव्हते. पण मी कुत्रा नंतर पाहिला. आधी पाहिला त्याच्या गळ्यातला पट्टा. रुंद, काळ्या चामड्याचा, पितळी फुल्या ठोकलेला. त्यातली एक फुली गळालेली होती.

तो पट्टा मी ओळखला.

"याचं नाव तुफान," आदगोंडा सांगत होता. "ह्या जत्रेला ओढीत ह्यालाच उतरवणार. दोन सालं झाली, वाडीचा सिद्राम फेटा घेऊन जातोय. त्याचा कुत्रा माझ्यापेक्षा हलका, पण अंगात साज असतो, गळा मोकळा. म्हणून मी पण साज आणला सांगलीच्या दुकानातनं. भारीतला हाय." त्यानं पिशवीतून लालभडक पट्ट्यांचं एक जंजाळ काढलं. "पर हे घातलं की गडी पाऊल आखडतो. का, ते तुम्हीच बगा. तुमच्या बानं मिरजेत टांग्याच्या घोड्यांचे नवारीचे साज शिवले. तुमचा हात बसलेला हाय."

मी ताट या हातातून त्या हातात घेतलं.

"आणि मागचं काय मनात असंल तर..." तो हसला. "तुम्ही कशाला ठेवताय म्हणा. क्षमावाणीला सगळं सोडून मोकळ्या होता तुम्ही. आमच्यागत थोडंच?"

मी वाट काढून पुढं झाले. त्या दिवशी सामायिकात डोळे मिटले तरी पितळी फुल्या दिसत होत्या.

मागचं म्हणजे पारवा.

पारवा माझा कुत्रा. रंगानं पारव्यासारखा, म्हणून पारवा. तोही कारवानीच, पण आमच्या घरात वाढलेला. ज्वारीची भाकरी, ताक, कधी दूध. सूर्य मावळायच्या आत जेवायचा, आमच्याबरोबर. शेजारपाजारचे हसायचे, राजाक्कानं कुत्र्यालाबी नेम लावला म्हणून. मी त्याला काही लावलं नव्हतं. आम्ही जेवायला बसलो की तो येऊन बसायचा, इतकंच.

आमच्या गावच्या जत्रेत सकाळी कुत्र्यांची ओढ असते. सायकलीची चेन काढून ठेवायची, पुढं लांब दोरीनं कुत्रा जुंपायचा आणि माणसानं वर बसून नुसतं हँडल धरायचं. पायडल मारून उपयोग नाही. एसटी स्टँडपासून पेठेतून सरळ नदीच्या घाटापर्यंत जो कुत्रा आपला माणूस आधी ओढून नेईल, त्याच्या मालकाला फेटा, आणि संध्याकाळच्या पालखीपुढं चालायचा मान.

तीन सालांमागं आदगोंडाचा स्वतःचा कुत्रा आयत्या वेळी लंगडला. त्यानं माझ्या नवऱ्याकडून पारवा मागून नेला. मी बस्तीत होते. ह्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही. आदगोंडानं तो पितळी फुल्यांचा पट्टा पारव्याच्या गळ्यात बांधला आणि सायकलीची दोरी त्या पट्ट्यालाच अडकवली. सगळा भार गळ्यावर. पारवा ओढत राहिला. त्याला थांबायला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि वर बसलेला माणूस ओरडत होता, तर त्याला वाटलं असेल आपलं काही चुकतंय. घाट दिसायला लागला तिथं तो पडला. तर आदगोंडानं उतरून, त्याच पट्ट्याला धरून, त्याला पुढं फरफटवलं. लोक बघत होते.

घरी आणला तेव्हा त्याची जीभ निळी पडली होती आणि मान सुजून पट्टा आत रुतला होता. ह्यांच्यानं बक्कल निघेना. मी जन्मात चामड्याला बोट लावलेलं नव्हतं. ते बक्कल मी काढलं. नखात पितळी फुली अडकून निसटली, ती अंगणात कुठं पडली कुणास ठाऊक. पारवा दुसऱ्या दिवशी दुपारी गेला.

आदगोंडा पट्टा परत न्यायला आला तेव्हा ओसरीवर चारचौघं बसली होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "भाकरीवर वाढलेलं कुत्रं. त्यात दम कुठला."

पट्टा घेऊन गेला. त्यानंतर तीन क्षमावाण्या आल्या आणि गेल्या. दशलक्षण पर्व संपलं की घरोघर जाऊन हात जोडायचे, उत्तम क्षमा म्हणायचं, मनातलं काढून टाकायचं. मी सगळ्या घरी जात होते. त्याच्या दारावरून जाताना मला काहीतरी काम आठवायचं.

बस्तीतून परत आले तर तो ओसरीवर चहा पीत बसलेला. ह्यांनी मला आत गाठलं.

"राजा, तुला नको वाटत असंल तर मी सांगतो त्याला. कायतरी कारण काढतो."

"शिवते मी."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "मन मोठं केलंस."

मी पाणी प्यायले आणि बाहेर गेले.

"भाऊजी, हा दुकानातला साज ओढीसाठी नाही," मी म्हणाले. "हा नुसता फिरवायला चांगला. हा आडवा पट्टा बघा, खांद्यांवरून जातो. कुत्र्यानं पाय पुढं टाकला की खांदा त्यावर अडतो. म्हणून तो पाऊल आखडतो. आणि दोरीची कडी इथं, मानेमागं. ओढताना साज वर उचलला जाणार आणि परत गळ्याशी येणार."

"मग?"

"भार यायला हवा छातीच्या हाडावर. तिथून पट्टा दोन्ही पायांच्या मधून खाली, बरगड्यांच्या बाजूनं मागं, आणि दोरी शेपटीपाशी. म्हणजे तो सगळ्या अंगानं ओढेल. गळ्याचा काही संबंध नको."

"आमाला काय कळतंय त्यातलं. तुम्ही म्हणाल तसं."

"आधी तो पट्टा काढा."

"तुम्हीच काढा की, माप घेताय तर."

"चामड्याला मी हात लावत नाही भाऊजी. तुम्ही काढा. आणि माझा साज अंगावर असेपर्यंत तो परत घालायचा नाही. दोन्ही मिळून घासतं."

त्यानं बक्कल सोडलं. पट्टा स्वतःच्या खांद्यावर टाकला. कुत्र्यानं मान झाडली, एकदा, दोनदा, आणि मग माझ्या पायाशी येऊन पदर हुंगला. त्याच्या मानेचे केस पट्ट्याखाली झिजून कातडी दिसत होती.

"जत्रेपर्यंत राहू द्या इथंच," मी म्हणाले. "साज अंगवळणी पडावा लागतो. काखेत घासला तर ऐन दिवशी लंगडेल. रोज घालून, थोडं थोडं ओझं ओढवून बघायला हवं."

"ठेवा की. मला कुठं वेळ हाय पहाटे उठायला." तो उठला. "फक्त खायला नुसती भाकरी घालू नका. न्हाईतर त्या..."

तो थांबला. मी त्याच्या हातातली दोरी घेतली.

मारायचं नाही, मारवायचं नाही, मारणाऱ्याला बरं म्हणायचं नाही, हे मी रोज म्हणते. त्या कुत्र्याच्या केसालाही धक्का लागणार नव्हता, हे मी पहिल्याच दिवशी स्वतःशी ठरवलं. वाकडा शिवणं सोपं होतं. छातीचा पट्टा बोटभर वर घेतला असता तर तुफान पेठेतच धापा टाकत बसला असता. पण मग मी आणि आदगोंडा एकच. माणसाचं मात्र मी काही ठरवलं नव्हतं. मनातल्या मनात कुणाचं वाईट चिंतलं तरी पाप लागतं, हेही मला पाठ आहे. ते माझं मी भोगीन म्हटलं.

साज मी नवारीचा शिवला. पलंगाला लावतात ती सुती नवार, पण दुहेरी, आणि छातीशी चार बोटं रुंद. आतून ह्यांच्या जुन्या धोतराचं अस्तर, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. कापूस भरला नाही; घामानं भिजला की गोळा होतो आणि टोचतो. शिवण सगळी बाहेरच्या अंगाला. प्रत्येक पट्ट्याखाली माझी दोन बोटं सहज सरकली पाहिजेत, तिसरं नाही. घातल्यावर मी त्याला दोरी ताणून ओढायला लावायचे, कारण उभ्या कुत्र्यावर बसलेला साज ओढणाऱ्या कुत्र्यावर बसेलच असं नाही. दोनदा उसवला. काखेपाशी रेघभर मागं घेतला. मग तो असा बसला, की त्याला अंगात काही आहे याची जाणीवच राहिली नाही.

मग ओझं. बस्तीच्या अंगणात पाखरांना धान्य टाकायची चाल आहे, आणि ते पोतं नेऊन द्यायचं काम मी माझ्याकडं मागून घेतलं. ह्यांच्या जुन्या सायकलीची चेन काढली, पोतं वर बांधलं, तुफानला पुढं जुंपलं आणि मी हँडल धरून शेजारून भरभर चालायची. घर स्टँडच्या बाजूला, बस्ती पेठेच्या मध्यावर उजव्या बोळात, हाकेच्या अंतरावर. बोळ आला की मी हँडल वळवायची. पायरीशी पोचलो की त्याच्या पाठीवर तळवा दाबून खाली बसवायची, आणि आत जायची.

सगळं मुक्यानं. माझं मौन असायचं ना. त्याला हाक ठाऊक नाही, हाय नाही, हुश्श नाही. फक्त वाट ठाऊक आणि माझा हात ठाऊक.

पहिले काही दिवस तो मागून आत यायला बघायचा. मग बाहेर उभा राहून कुंई कुंई करायचा. मग बसायला लागला. उपाध्ये, आमच्या बस्तीचे पुजारी, एकदा मला म्हणाले, "राजाक्का, समोरनं गावठी कुत्र्यांची झुंड भांडत गेली, ह्यानं मान वळवली नाही. सामायिक तुमचं चाललंय का ह्याचं?" मी बाहेर यायची, त्याच्या कपाळावर हात ठेवायची, मग तो उठायचा. घरी आलो की मऊ भाकरी, दूध. रोज.

जत्रेच्या चार दिवस आधी आदगोंडा त्याला कालव्याच्या रस्त्यावर घेऊन गेला. परत आला तो तोंडभर हसत.

"वैनी, काय पळतंय, काय पळतंय! ब्रेक दाबून दाबून हात दुखला. थांब म्हटलं तरी थांबत न्हाई."

"कालव्याला सरळच रस्ता आहे," मी म्हणाले.

"बँड सांगितलाय मी घाटावर. बहिणीच्या सासरची माणसं येणार हायत. फेटा बांधून तिथनं वाजत घरी."

"चांगलं केलंत," मी म्हणाले.

ओढीच्या दिवशी मी तुफानला साज घातला, दोन बोटं फिरवून पाहिली, आणि आदगोंडाच्या हाती दोरी दिली. तो नवीन पँट घालून, रुंद कमरपट्टा बांधून आला होता. ते स्टँडकडं गेले. मी पूजेचं ताट घेऊन बस्तीकडं. रोजच्यापेक्षा जरा सावकाश गेले. दर्शन घेतलं, दाराजवळच्या खांबाशी आसन घातलं. लांबून शिट्टी ऐकू आली, तेव्हा मी डोळे मिटले आणि सामायिकाला सुरुवात केली.

एकदा बसलं की मधे उठता येत नाही.

पेठेतून आरोळ्या येत होत्या. "तुफान पुढं! आदगोंडाचा तुफान पुढं!" नखांचा आवाज मी त्यांच्यातूनही ओळखला. फरशीवर टपटप, मग टायरचा घासल्यासारखा आवाज, मग आदगोंडाचा, "अरं... अरं सरळ! सरळ रं!" आणि मग बोळात सगळं एकदम जवळ आलं आणि थांबलं.

तो पायरीशी येऊन बसला असणार. मी डोळे उघडले नाहीत.

"ऊठ! ऊठ की! हाय! चल!"

पेठेतून बाकीच्या सायकली गेल्या. एक, मग दोन बरोबर. कुणीतरी जाता जाता ओरडलं, "आदगोंडा, दर्शन घेऊन येतोस व्हय?"

हसण्याची पहिली लाट तिथं उठली. बोळाच्या तोंडाशी माणसं जमायला लागली होती.

आदगोंडानं दोरी ओढली. ते मला आवाजावरून कळत होतं, आणि काय होत असेल तेही. ओढ सगळी छातीवर येत होती. कुत्रा मागच्या पायांवर बसून घट्ट. गळा मोकळा. गळ्यात पट्टा असता तर फरफटत नेता आलं असतं. तो त्यानंच काढला होता.

"अरं त्याला सायकलीवर बसीव, तू ओढ," कुणीतरी म्हणालं.

"वैनी कुठं हायत? वैनीला बोलवा!"

"सामायिकात हायत," उपाध्यांचा आवाज.

"उठवा की मग!"

"सामायिकातनं कसं उठवायचं?"

"किती वेळ लागंल?"

"आत्ताच बसल्यात."

आता बोळ नुसता फुटत होता हसून. चपला काढल्याचा आवाज आला, पायरी चढल्याचा.

"थांब," उपाध्ये म्हणाले. "कमरेचं चामडं बाहेर."

"काका, शर्यत चाललीय माझी."

"चालू दे. चामडं बाहेर."

बक्कल वाजलं. पट्टा कमरेतून सर्रकन निघाला. आणि मग तो आत आला नाही. मला एक क्षण काहीच ऐकू आलं नाही, आणि त्या एका क्षणात माझा जप तुटला. मला कळलं, पट्टा त्यानं हातात धरलाय.

"आदगोंडा." उपाध्यांचा आवाज चढला नव्हता. "बस्तीच्या दारात मुक्या जनावरावर हात उचलतोस? सगळा गाव बघतोय."

कुणी हसत नव्हतं आता. पारव्याच्या वेळी हीच माणसं गप्प उभी होती. ह्या वेळी एक बाई म्हणाली, "हात खाली घे." मग दुसरी. मग एक म्हातारा, "खाली घे म्हणतोय न्हवं."

लांब घाटावर बँड वाजायला लागला. आदगोंडानं सांगितलेला. आधी कोण पोचेल त्याच्यासाठी वाजवायचा, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी सिद्रामसाठी वाजवला.

मी जप पुन्हा पहिल्यापासून धरला. एक ओळही घाईनं म्हटली नाही. पुरं झालं, नमस्कार केला, आसन गुंडाळलं, ताट घेतलं आणि बाहेर आले.

तुफान पायरीशी बसला होता, कान उभे, जीभ बाहेर, चेहरा असा की आपण किती शहाणे. आदगोंडा बाजूच्या कट्ट्यावर. लोक अजून हलले नव्हते. मी तुफानच्या कपाळावर हात ठेवला. तो उठला, अंग झाडलं, शेपटी हलवली.

आदगोंडा माझ्याकडं बघत होता. "वैनी," तो हळू म्हणाला, "तुम्ही हे मुद्दाम केलं."

माझं मौन सुटलं होतं. मी नेहमीच्याच आवाजात बोलले. माझा आवाज मुळातच बारीक. पण बोळ इतका गप्प होता, की सगळ्यांना ऐकू गेलं.

"काय करायचं भाऊजी. भाकरीवर वाढलेलं कुत्रं. त्यात दम कुठला."

  त्याची नजर साजावर गेली, तिथून मोकळ्या मानेवर, जिथं आता बारीक केस उगवायला लागले होते. त्यानं दोरी सायकलीपासून सोडली आणि माझ्या पायाशी टाकली.

"ठेवा तुमच्याकडंच," तो म्हणाला.

चेन नसलेली सायकल ढकलत तो पेठेतून घरी गेला. कमरपट्टा खांद्यावर, एक हात हँडलला आणि दुसऱ्या हातानं पँट धरलेली. पाहुणे घाटावर वाट बघत होते.

त्याला बरीच वर्षं झाली. तुफान आमच्या घरी म्हातारा होऊन गेला. शेवटपर्यंत साज दिसला की नाचायचा. आदगोंडानं परत कुत्रा पाळला नाही. ते पितळी फुल्यांचं चामडं त्याच्या सोप्यात खुंटीला आहे, असं त्याची बायको सांगते.

क्षमावाणीला हल्ली तोच येतो आमच्याकडं, बायकोला घेऊन. केस पिकलेत, गुडघे धरून पायरी चढतो. ह्यांना भेटतो, मग माझ्यापुढं हात जोडून उभा राहतो. "उत्तम क्षमा, वैनी."

मी हात जोडते. बोलत काही नाही.

तो थोडा वेळ थांबतो, मग मान हलवून निघतो. वैनीचं मौन असेल, असं तो दारात बायकोला म्हणतो. मला ऐकू येतं.

तो येतो दुपारी, माझं जेवण झाल्यावर. त्या वेळी माझं मौन नसतं.